फोन त्यांच्याच हातात राहू द्या

"दे इकडे, मी करून देतो." घरातल्या मोठ्या माणसांना फोन शिकवण्याची आपल्याकडची ही सर्वांत रूढ पद्धत. आई विचारते, हा फोटो मावशीला कसा पाठवायचा? मुलगा फोन हातात घेतो, त्याचा अंगठा भराभर इकडून तिकडे फिरतो, फोटो जातो आणि फोन आईच्या हातात परत येतो. काम झालेलं असतं, आईला मात्र काहीच कळलेलं नसतं. चार दिवसांनी ती पुन्हा विचारते आणि उत्तर येतं, "अगं, परवाच तर दाखवलं ना!" असं दोन-तीनदा झालं की ती विचारायचंच सोडते. मग घरात ठरून जातं, तिला नाही जमत.

मला हे अजिबात मान्य नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. दर गुरुवारी दुपारी, पुस्तकांची देवघेव थंडावते त्या वेळात, वाचनकक्षातल्या लांब टेबलाभोवती आम्ही फोन घेऊन बसतो. बचत गटातल्या बायका येतात, खानावळ चालवणाऱ्या काकी येतात, निवृत्त शिक्षिका, एसटीतून निवृत्त झालेले काका, सुनेने गेटपर्यंत आणून सोडलेल्या आजी. नियम एकच आहे. फोन ज्याचा त्याच्याच हातात राहील. शेजारच्याने सांगायचं, लांबून बोट दाखवायचं, पण स्क्रीनला हात लावायचा नाही. मीसुद्धा लावत नाही.

हा नियम शिकणाऱ्याला सोपा जातो, शिकवणाऱ्याला जड. समोरच्या काकींना फोटो जोडायची ती छोटी पिन सापडत नसते. आपल्याला ती दिसत असते, बोट शिवशिवत असतं. तरी गप्प बसायचं. त्या एकदा चुकीच्या जागी जातात, मागे येतात, पुन्हा शोधतात आणि सापडल्यावर मान वर करून बघतात. तिथे त्यांचं शिकणं झालेलं असतं. मी ती पिन दाबून दिली असती तर पुढच्या गुरुवारी तोच प्रश्न आला असता.

शिकवायला येणाऱ्या तरुण मुलांच्या एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही, ती म्हणजे बोटं. आमच्याकडच्या बायकांच्या हातांनी आयुष्यभर नारळ सोललेत, कोळंबी साफ केली आहे, काजूच्या चिकाने त्यांच्या बोटांची सालं गेली आहेत. त्या अंगठ्यावर रेषाच शिल्लक नसतात, त्यामुळे अंगठा लावून फोन उघडत नाही. कातडी कोरडी आणि राठ असली की स्क्रीनला स्पर्श नीट कळत नाही. मग त्या जोर लावून दाबतात. जोर लावला की बोट जास्त वेळ टेकतं, आणि नुसतं दाबल्याचं 'दाबून धरणं' होतं. भलताच मेनू उघडतो. बाईला वाटतं, आपण काहीतरी बिघडवलं. यात बुद्धीचा प्रश्न कुठेच नाही. म्हणून पहिल्या दिवशी आम्ही ॲप शिकवतच नाही. अक्षरं मोठी करतो. ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये बोट किती वेळ टेकलं म्हणजे 'दाबून धरलं' मानायचं ते बदलता येतं, तो वेळ वाढवतो. बाजारात मिळालेली जाड, पिवळी पडलेली स्क्रीनगार्ड काढून टाकतो. नखाने टोचायचं नाही, बोटाचा मांसल भाग हलकेच टेकवून उचलायचा, हे करून बघतो. अंगठ्याऐवजी पिन ठेवतो. एवढ्यानेच अर्ध्या जणींचा चेहरा बदलतो.

दुसरी अडचण फोनच्या आतली. बहुतेकींचा फोन म्हणजे मुलाने नवा घेतल्यावर आईकडे आलेला जुना फोन. त्यात गुगलचं खातं मुलाचं, फोटो मुलाच्या कॉलेजच्या सहलीचे, आणि जागा कधीच संपलेली. एका बाईंनी एका कीर्तनकारांच्या व्हिडिओखाली मनापासून चार ओळी लिहिल्या, त्या उमटल्या मुलाच्या नावाने. त्यांना किती वाईट वाटलं ते मी पाहिलं आहे. स्वतःच्या नावाचं खातं असणं ही चैन नव्हे. ज्याचं खातं त्याचा आवाज. आम्ही ते आधी करून घेतो, पासवर्ड वहीत लिहितो, आणि ती वही घरात कुठे ठेवायची ते त्यांनाच ठरवू देतो.

आता भीतीकडे येते. लोक समजतात, या वयात भीती वाटते ती पैसे जाण्याची. ती असतेच, पण त्याहून खोलवर बसलेली भीती हसं होण्याची आहे. आमच्याकडे एक वहिनी आल्या त्या व्हॉट्सॲप काढून टाका म्हणून सांगायलाच. भावकीच्या ग्रुपवर कुणी गेल्याची बातमी आली होती. त्यांनी डोळ्यांतून पाणी येणारा चेहरा टाकला. तो चेहरा रडणारा नव्हता, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला होता. मुंबईहून पुतण्याचा फोन आला, वहिनींना नको ते बोलला. त्या ग्रुपमधून बाहेर पडल्या आणि फोन नुसता उचलायला-ठेवायला वापरू लागल्या. त्यांना दुःखच व्यक्त करायचं होतं, चित्र एवढंसं, चष्मा जुना. आम्ही तो चेहरा स्क्रीनभर मोठा करून पाहिला. डोळे बघायचे नाहीत, आधी तोंड बघायचं, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं. मग, प्रतिक्रिया म्हणून टाकलेलं चित्र पुन्हा त्यावर दाबून काढता येतं आणि पाठवलेला मजकूर सुमारे अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो, हे मी दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर!" त्याच दिवशी त्यांनी ज्यांचा माणूस गेला होता त्या जावेला आपल्या आवाजात निरोप पाठवला. लिहिण्यापेक्षा तो किती चांगला होता.

म्हणून माझं ठाम मत आहे की पाठवायला शिकवण्याआधी मागे घ्यायला शिकवावं. विहिरीत पोहायला शिकवताना आमच्याकडे आधी पाठीला डबा बांधतात, मगच पाण्यात उडी. 'डिलीट फॉर एव्हरीवन' कुठे आहे, चुकून 'डिलीट फॉर मी' दाबलं तर खाली काही सेकंद 'अनडू' येतं ते कसं पकडायचं, पाठवलेल्या वाक्यातली चूक पंधरा मिनिटांच्या आत कशी दुरुस्त करायची, ग्रुपमधून बोभाटा न करता कसं निघायचं, हे सगळं पहिल्या दोन आठवड्यांत. सराव कुठे करायचा? २०२२च्या शेवटी व्हॉट्सॲपने स्वतःलाच निरोप पाठवायची सोय केली. नवशिक्यांसाठी इतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही. स्वतःच्या नंबरवर फोटो पाठवा, आवाज पाठवा, पुसा, पुन्हा पाठवा, बघायला कुणी नाही. त्यानंतर आमचा 'गुरुवार' नावाचा ग्रुप. तिथे कुणी काहीही चुकलं तरी हसायचं नाही, हे सगळ्यांनी कबूल केलेलं आहे. मध्यरात्री 'शुभ सकाळ' आली तरी चालते.

पुरुषांचं थोडं वेगळं असतं. त्यांना येत नाही हे चारचौघांत म्हणवत नाही. एसटीतले काका सगळे गेल्यावर, पुस्तक बदलायच्या निमित्ताने काउंटरवर थांबतात आणि हळूच विचारतात की व्हिडिओ कॉलवर नातवाला माझा फक्त कपाळाचा भाग का दिसतो. त्यांच्यासाठी मी तो वेळ राखून ठेवते. शिकणाऱ्याचा मान राखणं हा शिकवण्यातला निम्मा भाग आहे.

फसवणुकीबद्दल आपण ज्या पद्धतीने बोलतो ती बदलायला हवी. वर्तमानपत्रं, पोलीस, बँका, मुलं, सगळे एकच सांगतात : सावध राहा, कशावरही क्लिक करू नका. याचा परिणाम असा होतो की भिणारा माणूस फोनच बाजूला ठेवतो, आणि एखाद्या दिवशी खरंच तसा फोन आला की काय करायचं ते त्याला माहीत नसतं. भीती घालणं म्हणजे शिकवणं नव्हे. आम्ही तालीम करतो. आमचे शिपाई शेजारच्या खोलीतून एकेकीला फोन लावतात. "सीबीआयमधून बोलतोय, तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, फोन बंद करायचा नाही." तेव्हा माझ्या लक्षात आलं की यांना अवघड जातं ते खोटं ओळखणं नाही, अवघड जातं फोन कापणं. समोरचा बोलत असताना मध्येच फोन ठेवणं म्हणजे उद्धटपणा, असेच संस्कार आहेत. भामटे त्या सभ्यपणाचाच फायदा घेतात. म्हणून आम्ही वाक्य ठरवून दिलं : "मी पोलीस ठाण्यात जाऊन विचारते." एवढं बोलायचं आणि लाल बटण दाबायचं. दोन-तीन वेळा तालीम झाली की आवाजात जरब येते. असे भामटे जिची भीती घालतात ती 'डिजिटल अटक' कायद्यातच नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. ते सगळ्यांच्या कानावर गेलंही होतं, पण कानावर जाणं आणि फोन कापायला हात उचलणं यात अंतर आहे.

बाकीचं मग पटकन होतं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, लागते ती द्यायला. "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा पैसे घ्यायलाच बसलेला असतो. फोनवर आलेला सहा आकडी कोड कुणालाच सांगायचा नाही, ओळखीच्या नंबरवरून मागितला तरी नाही, कारण बऱ्याचदा त्या ओळखीच्या माणसाचंच खातं गेलेलं असतं. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही. व्हॉट्सॲपच्या टू-स्टेप व्हेरिफिकेशनची पिन प्रत्येकीने माझ्यासमोर लावायची. आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर पहिल्याच दिवशी 'सायबर पोलीस' या नावाने फोनमध्ये साठवायचा. पैसे गेल्यावर लाजेपोटी दोन दिवस घरात कुणाला न सांगता काढणारी माणसं मी पाहिली आहेत. पहिल्या काही तासांत तो फोन केला तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.

एक विषय मात्र मी हलक्या आवाजात शिकवत नाही. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा फोनवरून पसरलेली होती. गेलेले पाचही जण भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूरकडचे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. निरोपावर दोन बाण दिसले की तो अनेक हातांतून आलेला आहे, त्याचा मूळ धनी कोण ते कुणालाच ठाऊक नाही, हे मी प्रत्येकीला दाखवते आणि राईनपाड्याचं नाव घेऊनच दाखवते. पुढे ढकलायच्या आधी थांबणं हे यातलं सर्वांत मोठं कौशल्य आहे आणि ते आमच्या आजींना तरुणांपेक्षा लवकर येतं, असा माझा अनुभव आहे.

आता कमाईची गोष्ट, कारण बचत गटातल्या बायकांना तीच हवी असते. आमच्याकडची एक ताई आंब्याची आणि फणसाची साठं घालते, पुण्यामुंबईकडे ज्याला आंबापोळी, फणसपोळी म्हणतात ती. चव अशी की एकदा खाल्लेला माणूस विसरत नाही. पण फोटो काढायची तो रात्री, ट्यूबखाली, स्टीलच्या ताटात. ताट चमकायचं आणि साठ काळं दिसायचं. मी तिला काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, हेच ताट सकाळी पडवीत ने आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघ. दुसऱ्या दिवशी तिने ताटही बदललं, केळीचं पान घेतलं. एक गुंडाळी सुरीने आडवी कापून ठेवली, त्यामुळे आतले थर दिसायला लागले, उन्हात ते मधासारखे पिवळे. शेजारी एक अख्खा हापूस ठेवला. मजकूर बोलून टाइप केला. 'साठ' म्हटलं की फोन ६० लिहायचा, ते तिने हाताने दुरुस्त केलं. पहिल्या मजकुरात होतं, 'घरगुती, उत्कृष्ट, शुद्ध'. मी विचारलं, विकत घेणारी बाई तुला काय काय विचारते? वजन, भाव, कधीची आहे, साखर किती, किती दिवस टिकते, पोस्टाने किती पडेल. मग तेवढंच लिही. दुसऱ्या मजकुरात एकही विशेषण नव्हतं आणि सगळी उत्तरं होती.

पुण्यातल्या एका सोसायटीच्या ग्रुपवर तिची पोस्ट कुणीतरी टाकली आणि विचारणा सुरू झाली. मग व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं, कॅटलॉगमध्ये पाच पदार्थ चढवले, साठा संपला की 'संपलं' असं स्पष्ट लिहायची सवय लावली. हे सगळं तिने स्वतः केलं, म्हणून पुढच्या हंगामात कोकम आगळाचा फोटो तिने कुणाला न विचारता चढवला. आणखी एक सांगितलंच पाहिजे. नंबर असा लोकांत गेला की नको ते लोकही येतात. एक गृहस्थ रोज गुलाबाची चित्रं पाठवू लागले. तिला वाटलं, गिऱ्हाईक तुटेल. ब्लॉक कसं करायचं हे मी दाखवलं आणि ते करणं हा तिचा हक्क आहे, हेही सांगितलं. बायकांना शिकवताना प्रोफाइल फोटो कुणाला दिसावा, ग्रुपमध्ये कोण घालू शकेल, फेसबुकचं प्रोफाइल लॉक कसं करायचं, हे शेवटच्या धड्यात ढकलू नये. ते मिळालं की त्या मोकळ्या होतात.

सगळ्यांनी विकावंच असं नाही. कुणाला फक्त भजनं ऐकायची असतात, कुणाला दुबईतल्या मुलीचं घर बघायचं असतं. तेवढंच शिकून थांबणाऱ्याचं शिकणं कमी दर्जाचं नाही.

नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजींचं 'आपली आजी' हे चॅनल अनेकांना माहीत असेल. सत्तरीच्या घरातल्या या आजींनी २०२०मध्ये नातवाच्या मदतीने सुरुवात केली. मधे चॅनल हॅकही झालं, पुन्हा मिळालं, आजी थांबल्या नाहीत. त्यांचं कौतुक करताना लोक आजींच्या हाताच्या चवीबद्दल बोलतात. मला त्या नातवाचंही तितकंच कौतुक आहे. त्याने कॅमेरा धरला, आजींना बोलू दिलं. त्यांची भाषा, त्यांचं वाटण, त्यांचा वेग. प्रत्येक घरात असा नातू नसतो, आणि आमच्या गावांत तर नातवंडं पुण्यामुंबईतच. ज्यांच्या घरात कुणीच नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक जागा लागते, हेच मला सांगायचं आहे.

सरकारने या बाबतीत काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे २००१पासून एमएस-सीआयटी आहे, त्यातून संगणकाची भीती घालवलेली एक पिढी उभी राहिली. केंद्राने २०१७मध्ये ग्रामीण भागासाठी पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान आणलं, उद्दिष्ट सहा कोटी घरांचं, घरटी एक माणूस. मार्च २०२४मध्ये ते संपलं. पण वीस तासांच्या त्या प्रशिक्षणाला वयाची अट होती, १४ ते ६०. म्हणजे ज्यांना कुणी शेजारी बसून शिकवायला हवं त्यांतले कितीतरी जण दारातच अडले. आणि अभ्यासक्रम संपला, परीक्षा झाली, प्रमाणपत्र मिळालं, की पुढे प्रश्न पडला तर विचारायचं कुणाला? ॲप दर महिन्याला बदलतं. बटण वरून खाली जातं. शिकलेली बाई पुन्हा अडते. तिला हवी असते ती कायमची, ओळखीची, फुकट अशी जागा, जिथे 'हे पुन्हा दाखवा' म्हणताना संकोच वाटणार नाही.

ती जागा आपल्याकडे आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली राज्यात सुमारे अकरा हजार शासनमान्य वाचनालयं उभी आहेत, बरीचशी खेड्यांत, एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे टेबल आहे, पंखा आहे, काही ठिकाणी इंटरनेटही आहे, आणि गावातल्या प्रत्येकाला नावाने ओळखणारं माणूस आहे. ते माणूस किती तुटपुंज्या पगारावर काम करतं हे शासनाला माहीत आहे, म्हणून हे काम फुकट गळ्यात मारू नये. आठवड्यातले दोन तास 'फोन शिकण्याची वेळ' म्हणून ठरवावेत, त्याचं वेगळं मानधन द्यावं, वयाची अट नको, परीक्षा नको, प्रमाणपत्र नको. जवळच्या महाविद्यालयातली एनएसएसची मुलं मदतीला घ्यावीत, फक्त स्क्रीनला हात न लावण्याची अट त्यांना आधी समजावून सांगावी. सामान फार लागत नाही : चार प्लगचा लांब बोर्ड, दोन-तीन नंबरांचे जवळचे चष्मे, एक जाड वही.

आमच्या वाचनालयाच्या वर्ग तपासणीला जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून माणसं येतात, तेव्हा ग्रंथसंख्या, वाचकसंख्या, नियतकालिकं, कार्यक्रम यांची नोंद होते. त्या नमुन्यात या दोन तासांसाठी एक रकाना असावा, असं पत्र मी या महिन्यात कार्यालयाला देते आहे. इतर तालुक्यांतल्या ग्रंथपालांनीही आपापल्या कार्यालयाला ते द्यावं. मसुदा हवा असेल तर कुठल्याही गुरुवारी दुपारी या, आजींपैकीच कुणीतरी तो तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवेल.